आधी ऊब, मग पाणी

मुळशीच्या पावसात कुणी तहानेनं मरणाला टेकेल, हे सांगून कुणाला खरं वाटणार नाही. आषाढात लवळ्याची टेकडी दिवसेंदिवस ढगात बुडालेली असते. माथ्यावरच्या विद्यापीठाच्या इमारती खालून दिसत नाहीत, भातखाचरं तुडुंब भरलेली असतात, घराच्या भिंतींना ओल येते आणि दोरीवरचे कपडे वाळायचं नाव घेत नाहीत. अशा हवेत एका काचेच्या पेटीत, पाण्यानं काठोकाठ भरलेल्या वाटीच्या शेजारी, एक जीव वाळून चालला होता.

तो होता बिअर्डेड ड्रॅगन, म्हणजे दाढीवाला सरडा. ऑस्ट्रेलियाच्या आतल्या कोरड्या, लाल मातीच्या मुलखातला. गळ्याखाली काटेरी खवल्यांची झालर असते. घाबरला किंवा चिडला की ती फुगवून काळी करतो, म्हणून हे नाव. भाड्याची खोली सोडून गेलेल्या कुणीतरी पेटीसकट त्याला मागे ठेवलं होतं. गावात आजारी पाखरं, मांजराची पिल्लं माझ्याकडे येतात हे ठाऊक असल्यामुळे घरमालकीण मावशींनी मला बोलावून घेतलं. त्या स्वतः उंबरठ्याच्या आत यायला तयार नव्हत्या. "ताई, ह्ये इखारी हाय का वो?" त्यांनी दारातूनच विचारलं. नाही म्हटल्यावर जरा पुढे सरकल्या आणि म्हणाल्या, "मंग उपाशी नगा ठिवू त्याला. दूधभात खाईल का?"

भीती ओसरल्याबरोबर खाऊ घालायचं सुचणं हा आपल्याकडचा फार मोठा गुण आहे. दारी आलेल्याला आधी पाणी, मग घास, आणि चौकशी सगळ्यात शेवटी. पण या पाहुण्याच्या बाबतीत नेमकं तेच करायचं नव्हतं. त्याला घास द्यायचा नव्हता आणि लगेच पाणीही पाजायचं नव्हतं. त्याला आधी ऊब हवी होती. आपली दया ज्या क्रमानं धावते, तो क्रम सोडून समोरच्या शरीराचा क्रम धरणं, एवढीच त्याची शुश्रूषा होती. ही गोष्ट ऐकायला सोपी वाटते, करायला मात्र मनाला फार आवर घालावा लागतो.

पाणी आटलेला सरडा ओळखायच्या खुणा सरळ असतात. डोळे खोबणीत गेलेले असतात. कुशीची कातडी चिमटीत धरून सोडली तर ती झटकन बसत नाही, सुरकुती तशीच उभी राहते. तोंड उघडलं तर लाळेच्या चिकट तारा दिसतात. निरोगी ड्रॅगनच्या डोक्यावर, डोळ्यांच्या मागे, चरबीच्या दोन गुबगुबीत उशा असतात. याच्या तिथे खळगे पडले होते. शेपटीच्या मुळाशी हाडं हाताला लागत होती. चांगल्या वाढलेल्या ड्रॅगनचं वजन तीनशे ते पाचशे ग्रॅम भरतं. हा दोनशेच्या आसपास होता. हातात घेतला तेव्हा अंग फरशीसारखं गार लागलं. त्या गारपणातच त्याच्या बाकीच्या सगळ्या दुखण्याचं मूळ होतं.

माणसाचं शरीर आतल्या आत स्वतःची भट्टी पेटती ठेवतं. सरड्याची भट्टी आभाळात असते. सकाळी उन्हात बसायचं, अंग तापवायचं, आणि मग त्या तापलेल्या अंगानं शिकार, पचन, रक्ताभिसरण अशी सगळी कामं उरकायची. बिअर्डेड ड्रॅगनला ऊन खायच्या जागी अडतीस ते बेचाळीस अंश उष्णता लागते, आणि तापून झाल्यावर सरकायला पंचवीस अंशांच्या आसपासचा थंड कोपराही लागतो. आपल्या पावसाळी खोलीत दिवसाही तेवीस-चोवीस अंश असतात. आपल्याला ती हवा आल्हाददायक वाटते. त्याच्यासाठी ती न संपणारी पहाट. त्या थंडीत आतडी हलत नाहीत, मूत्रपिंडं मंदावतात, दिलेलं पाणी नीट शोषलं जात नाही आणि पोटात गेलेलं अन्न पचायच्या ऐवजी कुजतं. उपासानं खंगलेल्या शरीरात एकदम अन्न गेलं तर रक्तातल्या क्षारांचा तोल ढळून उलट जीव जाऊ शकतो. म्हणून सरपटणाऱ्या प्राण्यांवर उपचार करणाऱ्या डॉक्टरांचा क्रम ठरलेला असतो: ऊब, मग पाणी, आणि शरीर पाण्यानं सावरल्यावर अन्न. ऊबही हळूहळू द्यायची. गारठलेल्याला एकदम उष्णतेच्या दिव्याखाली धरलं तर उरलंसुरलं पाणीही उडून जातं.

ऊब किती मोठं औषध आहे, याचा एक सुंदर पुरावा विज्ञानात आहे. सत्तरच्या दशकात अमेरिकेत मॅथ्यू क्लुगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वाळवंटी इग्वानांना जंतुसंसर्ग झाल्यावर त्यांचं वागणं पाहिलं. आजारी सरडे नेहमीपेक्षा जास्त गरम जागा शोधून तिथे बसत होते. शरीराला स्वतःचा ताप आणता येत नाही, म्हणून ते चालत जाऊन बाहेरच्या उष्णतेतून ताप आणत होते. १९७५ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या प्रयोगात असंही दिसलं की ज्यांना अशी जास्त उष्णता मिळाली ते अधिक संख्येनं जगले आणि ज्यांना थंड ठेवलं ते अधिक मेले. हे वाचल्यापासून काचेच्या पेटीत अडकलेला सरडा मला वेगळाच दिसतो. त्याच्याकडे औषध शोधायचं शहाणपण आहे, पाय आहेत. फक्त जायला ऊन नाही.

तो अंगानं उबदार झाला तेव्हा पाण्याची पाळी आली. त्याला सरपटणाऱ्या प्राण्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी सलाइन कोमट करून कातडीखाली दिलं, शरीराच्या पुढच्या अर्ध्या भागात. वजनाच्या शंभर ग्रॅममागे एक-दोन मिलिलिटर, म्हणजे एवढ्याशा प्राण्याला चहाच्या चमच्याहून कमी. सुई काढल्यावर कातडीखाली एक लहानसा फुगवटा राहिला आणि काही तासांत तो जिरून गेला. शरीर पाणी आत घेऊ लागलं होतं. पाण्यात नेमके क्षार घालून जीव वाचवण्याचं हे शास्त्र किती साधं आणि किती थोर आहे! १९७१च्या बांगलादेश युद्धात निर्वासितांच्या छावणीत कॉलरा पसरला, सलाइनच्या बाटल्या संपल्या, तेव्हा पश्चिम बंगालमधल्या बनगावला डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेचं पाणी प्यायला देऊन असंख्य माणसं वाचवली. आपल्या घराघरांत ती जलसंजीवनी पोचली. पण माणसाची जलसंजीवनी सरड्याला उचलून द्यायची नसते. त्याचं शरीर पाणी निराळ्या रीतीनं सांभाळतं.

ती रीत आपण रोज घरात बघतो. भिंतीवरच्या पालीची लेंडी आठवा: काळी काडी आणि तिच्या टोकाला पांढरा ठिपका. तो ठिपका म्हणजे तिची लघवी. आपलं शरीर युरिया पाण्यात विरघळवून बाहेर टाकतं, त्यात भरपूर पाणी खर्ची पडतं. पाल, सरडे आणि पक्षी तीच घाण युरिक आम्लाच्या रूपात, जवळजवळ कोरडी टाकतात आणि पाणी वाचवतात. कोरड्या मुलखात जगण्यासाठी याहून काटकसरी व्यवस्था शोधून सापडणार नाही. मात्र पाणी फारच आटलं तर हेच आम्ल खड्यांसारखं घट्ट होतं आणि मूत्रपिंडांत, सांध्यांत साठतं. सरड्यालाही माणसासारखा गाऊट, म्हणजे वातरक्त, होतो. म्हणून त्याच्या शुश्रूषेत सगळ्यांत बारकाईनं पाहायची गोष्ट म्हणजे तो पांढरा भाग. सुरुवातीला तो पिवळट, खडूसारखा, बोटांत चुरा होणारा होता. पुढे एका सकाळी तो शुभ्र आणि मऊ आला, आणि डॉक्टरांना मी जो फोटो पाठवला तो त्याचा होता. ज्याची सेवा करायची त्याच्या शरीराच्या कुठल्याच गोष्टीची किळस धरून चालत नाही. लहान मुलाच्या आईला किंवा अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्याच्या सुनेला हे वेगळं सांगावं लागत नाही.

रोज सकाळी कोमट पाण्याची अंघोळ. पसरट टबात पाणी त्याच्या कोपरांपर्यंत, तीस-बत्तीस अंशांचं, पंधरा-वीस मिनिटं, आणि आपण शेजारी बसून राहायचं. हे प्राणी मागच्या बाजूनं पाणी शोषून घेतात अशी समजूत पाळणाऱ्यांमध्ये आहे. तिच्यावर भिस्त ठेवू नका, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. अंघोळीचा फायदा असा की कोमट पाण्यानं पोट हलतं आणि पाण्यात उभं राहिल्यावर कधीकधी तो मान खाली घालून पितो. बाहेर काढल्यावर बोटांच्या बेचक्यांपर्यंत कोरडं करायचं आणि लगेच दिव्याखाली ठेवायचं. कारण मुळशीची दमट हवा त्याची दुसरी वैरीण. त्याला हवेत तीस-चाळीस टक्क्यांची आर्द्रता मानवते. आषाढात आपल्याकडे ती नव्वदीला भिडते. तेवढ्या ओलीत फुफ्फुसांना संसर्ग होतो, कातडीवर बुरशी धरते. आतून कोरडा आणि बाहेरून ओला, अशा कात्रीत तो सापडला होता. अंगात पाणी भरायचं आणि अंगाभोवतीचं पाणी हटवायचं, ही दोन्ही कामं एकाच वेळी चालू होती.

त्यात पावसाळ्यातली वीज. वारा सुटला की पहिली तीच जाते. दिवा विझला की पेटीतला उन्हाळा संपतो. मग गरम पाण्याची रबरी पिशवी टॉवेलमध्ये गुंडाळून त्याच्या पोटाजवळ, पण अंगाला थेट न लावता, कारण या प्राण्यांना पोटाखालचा चटका वेळेवर कळत नाही आणि ते तिथेच भाजून निघतात. पिशवी निवली की पुन्हा गॅसवर पाणी. मावशी या काळात न बोलावता यायच्या. चुलीवर पाणी कायम तापत असायचं, त्यातलं किटलीभर घेऊन. आधी दारात ठेवून जायच्या, पुढे आत येऊन बसू लागल्या. "आज डोळं उघाडल्यात बरं का," हे माझ्या आधी त्यांनीच पाहिलं.

आणि ती भरलेली वाटी? ती अगदी पहिल्यापासून तशीच का राहिली, याचं उत्तर या प्राण्याच्या देशात आहे. त्याच्या मुलखात साठलेलं पाणी क्वचित. अनेक ड्रॅगनना वाटीतलं निश्चल पाणी पाणी म्हणून ओळखूच येत नाही. पडणारा थेंब, हलणारी चकाकी, ओठांच्या कडेवरून ओघळणारी ओल हे त्यांचं पाणी. म्हणून बिनसुईच्या सिरिंजनं नाकपुड्या टाळून तोंडाच्या टोकाशी एक थेंब ठेवायचा आणि वाट पाहायची. तोंडात जबरदस्तीनं पिचकारी मारली तर पाणी फुफ्फुसात जातं. थेंब कधी ओघळून जायचा, कधी तसाच राहायचा. मग केव्हातरी जाड, गुलाबी जीभ बाहेर आली आणि थेंब उचलून आत गेली. लगेच दुसरा ठेवला, तोही गेला.

पण जे पाहून मी हातातलं काम विसरले ते पुढे घडलं. अंगात थोडी ताकद आल्यावर अंघोळीच्या वेळी मी त्याच्या पाठीवर फवाऱ्यानं कोमट पाणी उडवत होते. पाठीवर थेंब पडताच त्यानं मागचे पाय ताठ केले, शेपटीकडचा भाग उंच उचलला, डोकं जमिनीपर्यंत खाली नेलं आणि अंग पसरट केलं. पाठीवरचं पाणी खवल्यांच्या मधून मानेवर आणि मानेवरून तोंडाच्या कोपऱ्याशी आलं, आणि तो पिऊ लागला. ऑस्ट्रेलियातल्या या सरड्यांची ही पाऊस पिण्याची पद्धत अभ्यासकांनी नोंदवलेली आहे. वर्षातून मोजक्या वेळा पडणाऱ्या सरीचा एकही थेंब वाया जाऊ नये म्हणून अख्ख्या पाठीचं पन्हाळं करायचं. त्या पेटीतल्या प्राण्यानं तो मुलूख कदाचित कधीच पाहिला नसेल. अशा अनेकांचा जन्म कुठल्यातरी शहरातल्या बंद खोलीत, दिव्याखाली झालेला असतो. तरी त्याच्या पाठीला पाऊस माहीत होता.

अन्न अगदी शेवटी आलं. शेवग्याचा कोवळा पाला, किसलेला लाल भोपळा, जास्वंदीची पाकळी. शेवग्यात कॅल्शियम भरपूर, आणि या प्राण्यांना त्याचीच फार गरज. पालक मात्र नाही, कारण त्यातलं ऑक्झॅलेट कॅल्शियमला बांधून ठेवतं. किडे हवेतच, पण भातखाचरांतले नाकतोडे धरून घालता येत नाहीत. बांधापर्यंत औषध फवारलेलं असतं. आणि खाण्यातून कॅल्शियम मिळालं तरी हाडांत जायला अतिनील किरणं लागतात. ती मिळाली नाहीत तर जबडा रबरासारखा मऊ होतो, पायांना कंप सुटतो. खिडकीच्या काचेतून येणारं ऊन त्या कामाचं नाही. काच नेमकी तीच किरणं अडवते. म्हणून पावसाची उघडीप झाली की हातातलं सोडून त्याला अंगणात न्यायचं.

अशाच एका उघडिपीत अंगणातल्या कुंपणावर आपला नेहमीचा सरडा आला. डोकं वरखाली करत, गळा लाल करत. दोघांचं कूळ एकच, अ‍ॅगॅमिडी. याच कुळातल्या, गळ्याखाली निळा-काळा-केशरी पंखा उघडणाऱ्या सरड्यांच्या एका गटाला २०१६ साली व्ही. दीपक, वरद गिरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'सरडा' हेच शास्त्रीय नाव दिलं. त्यातली एक देखणी जात साताऱ्याजवळच्या चाळकेवाडीच्या पठारावरची. आपल्या मातीत इतकं वैभव असताना हा दूरचा नातलग खोलीत कोंडायला आला कुठून? सरड्याची धाव कुंपणापर्यंत म्हणतात. याला मात्र माणसानं समुद्र ओलांडायला लावला. ऑस्ट्रेलिया आपले वन्यजीव व्यापारासाठी बाहेर जाऊ देत नाही. तरी जगभरच्या पेट्यांत हे प्राणी आहेत, आणि त्यांची पैदास होऊन बाजार चालतो. मुंबईच्या विमानतळावर बँकॉकहून येणाऱ्या प्रवाशांच्या सामानात सीमाशुल्क अधिकाऱ्यांना मोज्यांत, डब्यांत कोंबलेले सरपटणारे प्राणी वारंवार सापडतात. किती वाटेतच तहानेनं, गुदमरून संपत असतील, याचा विचारही करवत नाही.

बरा झाला की सोडून द्या ना रानात, असं मला अनेकांनी मनापासून सांगितलं. आपल्या घोरपडीचं तसंच असतं. ती वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. जखमी दिसली तर १९२६ या क्रमांकावर वन विभागाला कळवायचं, बावधनला वन्यप्राण्यांसाठी उपचार केंद्र आहे, तिथे उपचार होऊन ती आपल्या रानात परत जाते. या परक्याला मात्र परत जायला इथे रानच नाही. मुळशीच्या पावसात तो टिकणार नाही, आणि कुठे कोरड्या भागात टिकलाच तर तिथल्यांच्या मुळावर येईल. आपलाच बागेतला सरडा माणसांबरोबर सिंगापूरला पोचला आणि तिथल्या मूळच्या हिरव्या सरड्याला उघड्या बागांतून मागे, दाट झाडीत रेटत गेला. परका प्राणी सोडून देण्यात दया नसते. आपलं ओझं आपण दुसऱ्या कुणाच्या तरी घरात ठेवून येतो, इतकंच.

तो सावरला. डोक्यावरच्या उशा पुन्हा भरल्या, कातडी चिमटीतून निसटू लागली, शेवग्याच्या पाल्यावर तो स्वतःहून धावू लागला. मला तो ओळखतो का, हे मावशी फार उत्सुकतेनं विचारतात. हाताची ऊब तो ओळखतो, एवढं मी सांगू शकते. कुत्रं शेपूट हलवतं, मांजर पायाला अंग घासतं. याच्याकडून असं काही येत नाही आणि यावं अशी अपेक्षा ठेवणं अन्यायाचं होईल. प्रेमाची परतफेड मिळते म्हणून आपण पुष्कळ सेवा करतो. जिथे ती मिळणारच नाही तिथेही तितक्याच काळजीनं पाणी कोमट करणं, थेंब धरून थांबणं, हे या प्राण्यानं माझ्याकडून करवून घेतलं, आणि ती सवय माणसांशी वागतानाही माझ्या उपयोगी पडते आहे. दुःखात असलेल्याच्या तोंडात मी आता चार शहाण्या शब्दांचा घास लगेच कोंबत नाही. आधी त्याच्याजवळ बसते.

पुण्यात साप दिसला की काठी शोधणारी पिढी बदलली, त्यात नीलिमकुमार खैरे यांनी १९८६ साली उभ्या केलेल्या कात्रजच्या सर्पोद्यानाचा मोठा वाटा आहे. मुलं तिथे जाऊन भीतीच्या पलीकडचं बघून आली. आता भीतीच्या उलट टोकाची गोष्ट आवरायला शिकायची वेळ आली आहे: हौस. हौसेनं आणलेला बिअर्डेड ड्रॅगन नीट सांभाळला तर आठ-दहा वर्षं, कधी त्याहून जास्त जगतो. तेवढी वर्षं रोज त्याचं ऊन, त्याची कोरडी हवा, त्याचा पाऊस हे सगळं आपल्याला उभं करावं लागतं, वीज गेली तरी, गाव सोडावं लागलं तरी. ज्याला हे जमेल त्यानं बेवारस झालेल्यांपैकी एखाद्याला जरूर आसरा द्यावा, आणि आधी डॉक्टर शोधावा, मग पेटी. ज्याला जमणार नाही त्यानं दुकानातल्या काचेसमोरून पुढे जावं. विकत घेणारा उरला नाही तर बँकॉकच्या विमानात मोज्यात कोंबलेला पुढचा सरडा चढणारच नाही, आणि त्याला वाचवायला लवळ्यात कुणाला रात्री पाणी तापवत बसावं लागणार नाही.